चुली किती?

हिरामणने दारालगतच्या भिंतीवरचा आकडा पुन्हा एकदा घासून पाहिला. आधी ओल्या फडक्याने, मग नारळाच्या शेंडीने. गेल्या उन्हाळ्यात शिरगणतीच्या बाईने गेरूने काढलेला तो २७/१. अख्खा पावसाळा त्यावरून गेला, दिवाळीला वरून चुन्याचा हात फिरला, तरी गडी आपला जागच्या जागी, चुन्याखालून तांबूस दिसतच होता.

नंबर असायला हिरामणची हरकत नव्हती. सरकार नंबर देतं, सरकारला दुसरा धंदा काय. पण पलीकडे धाकट्या भावाच्या, सदूच्या पडवीच्या दाराशी त्याच हाताने, त्याच गेरूने २७/२ काढलेला होता, आणि तो पुसायला कोणी फडकं उचलल्याचं हिरामणने आजवर पाहिलं नव्हतं. एकाच आढ्याखालचं, बापाने एकाच घरभरणीत उभं केलेलं घर, त्याला नंबर दोन. आपल्या आळीत दुसऱ्या कोणाच्या भिंतीवर अशी तिरपी रेघ नव्हती. हिरामणने सहज म्हणून फिरत ते बघून घेतलं होतं.

"घासा आनखी," आतून त्याची बायको विठा बोलली. "भिंत झिजंल, पन ज्यानं लिवून घेतलं तो झिजाचा नाय."

"हळू बोल. पलीकडं ऐकू जातं."

"जाऊं दे की. आज बाई येतेच हाय. तिलाच विचारा तोंडावर, कोनी सांगितलं म्हनून."

तेच तर हिरामणच्या पोटात होतं. बाई आज, रविवारी, माणसं मोजायला येणार होती. सगळ्यांनी घरी राहा, असा निरोप तिने शाळेतल्या पोरांबरोबर गावभर धाडला होता. गावाने तो निरोप हसण्यावारी नेला, या देसल्यांच्या घरात मात्र तेव्हापासून कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतं.

ज्या दुपारी हे आकडे पडले, त्या दुपारी हिरामण सोनिवलीच्या मळ्यात होता आणि सदू अंबरनाथला कंपनीत. विठा म्हणत होती, मी नदीवर धुणं घेऊन गेले होते. सदूची सुनंदा म्हणत होती, मी अंबरनाथला माहेरी. अंबरनाथ काय परदेशात आहे, माणूस जाऊन परत येऊन बाईला चहासुद्धा पाजतं, असा विठाचा हिशेब. आईला, म्हणजे कौसाबाईला विचारलं तेव्हा ती तडकून बोलली होती, "दोन घरं हायेत असं मी कशाला सांगीन? जीभ झडंल माझी." आईच्या शपथेवर शंका घ्यायची सोय नव्हती. उरलं कोण, तर सदू आणि त्याची बायको.

त्यानंतर घरातली एकेक गोष्ट सुटी होत गेली. गणपतीनंतर सुनंदाने पडवीत रॉकेलचा स्टो आणला, तो म्हणे सदूच्या फर्स्ट शिफ्टच्या चहापुरता. मग डबाही त्यावरच होऊ लागला. दिवाळीनंतर भाकऱ्यासुद्धा. भांडण झालं असतं तर निदान चार माणसं मधे पडली असती, पण भांडण कोणी केलंच नाही.

"मी काय बोलते ते ऐका," विठा उंबऱ्यापर्यंत आली. ती कौसाबाईच्या सख्ख्या भावाची मुलगी, आत्याच्या घरात सून म्हणून आलेली. त्यामुळे तिला या घरात दोन्ही बाजूंनी बोलायचा अधिकार होता आणि ती तो वापरत असे. "मळा आत्याच्या नावावर हाय. सोनिवलीला इमारती उठाला लागल्या. तो जमिनीचा सफारीवाला एजंट सदूभावजींबरोबर टेसनात चाय पीत व्हता, तुमीच बघितलंत. आता हितं दोन घरं लिवली गेली, आनि आत्या त्यांच्या घरात लिवली गेली, तर आंगठा कोनाकडं गेला?"

"आई तिकडं कशाला लिवंल?"

"तिकडंच जेवते म्हनून. मी हाक मारली का 'माझं झालं'. रोज 'माझं झालं'. कुठं झालं? माझ्या चुलीवर तर नाय झालं."

हिरामणने फडकं पिळलं आणि ते पुन्हा भिंतीला लावलं. सदू आपला धाकटा, याला पोहायला आपणच शिकवलं, हे त्याला आठवलं आणि त्याचाच त्याला राग आला.

*

भिंतीच्या पलीकडे सदू खुंटीवरच्या आरशात बघून दाढी करत होता आणि शेंडीचा खरखर आवाज ऐकत होता.

"बघ, घासतोय," तो सुनंदाला म्हणाला. "स्वतःची तेवढी तिरपी रेघ पुसायची, नुसता सत्तावीस ठेवायचा. मग बाईला सांगायचं, घर माझं एकट्याचं, भाऊ काय, पडवीत भाडोत्री राहतो तसा राहतो. सगळी सेटिंग आहे."

"दादा असं करतील?"

"तो नाय करणार. वहिनी करवेल. एजंट गेल्या आठवड्यात त्यांच्याच ओट्यावर बसला होता, नाना तेल्याने बघितला. टेसनात मला भेटला तेव्हा मलाच विचारत होता, तुमचे दादा काय बोलतात. म्हणजे दादाशी आधी बोलणं झालं असणार ना?"

सुनंदाने स्टोला पिन मारली. तिला या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण जाऊबाई सासूची भाची आणि आपण परक्या, हे ती एक दिवसही विसरू शकली नव्हती. त्या दोघी न्हाणीपाशी बसून हळू आवाजात बोलायच्या तेव्हा आपलंच काहीतरी चाललंय, असं तिला वाटायचं. आकडे पडले त्या दिवशी ती खरोखर माहेरी होती. भावाच्या मुलीला कांजिण्या आल्या होत्या. पण हे तिने दोनदा सांगितलं, आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली की ती खोटी वाटायला लागते.

"आईंचं काय लिहायचं?" तिने विचारलं.

"आपल्यात लिहायचं. आईने माझ्यावर काय कमी जीव लावला?"

"त्या जेवतात तिकडे. मी ताट वाढून किती वेळा बोलावलं. 'माझं झालं' म्हणतात आणि न्हाणीकडे जातात. आत्या-भाचीचं रक्त शेवटी." ती थांबली. "मी नाही आता बोलावत. माणसाला आपलाही मान असतो."

सदूने गालावरचा साबण पुसला. फॅक्टरीत युनियनच्या दोन पार्ट्या पडल्या होत्या तेव्हा त्याने पाहिलं होतं, शेवटी ज्याच्या बाजूने म्हातारे कामगार तो जिंकतो. इथे म्हातारी एकच होती.

*

बनूबाई उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातून आली ती हातात पिशवी आणि तोंडात पान घेऊन. ही हिरामणची थोरली बहीण. तिकडे सिंधी शेटच्या जीन्सचे धागे कापायचं काम ती बायकांच्या टोळीकडून करून घ्यायची आणि बोलताना कुठल्या भाषेचं बोट धरेल याचा नेम नसायचा. हिरामणने तिला निरोप धाडून बोलावलं होतं, मोठी म्हणून मधे पडायला. ती आल्याबरोबर विठाने आणि सुनंदाने, दोन वेगवेगळ्या दारांतून, तिच्या पिशवीकडे एकसारखंच पाहिलं. आक्का आजच बरी उगवली. मळ्यात तिसरा वाटा मागायला आली असणार, यावर दोघींचं न बोलता एकमत झालं. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

"क्या रे हिरामण, चेहरा कशाला असा? कोई मर गया क्या?" बनूबाईने पिशवी विठाकडे दिली. "पोरांना प्यांटी हायेत. डिफेक्ट पीस. शिलाई तिरकी हाय, घालून चालला का कोनाला दिसत नाय. आई किधर?"

"न्हाणीकडं. पानी तापवत बसली असंल."

न्हाणी घराच्या मागे, कुडाच्या भिंती आणि वर पत्रा. तिच्या तोंडाशी अंघोळीचं पाणी तापवायची चूल. घरात कोणीही सून आली तरी ही एक चूल कौसाबाईने कधी कोणाच्या हाती दिली नाही. पहाटेपासून तिथे धूर असायचा आणि धुरापाशी ती.

कौसाबाईने लेकीला पाहिलं, पण ती उठली नाही. पाटावरच सरकून तिने जागा केली.

"दुपार झाली. आता कोनाचं पानी तापवते?" बनूबाई म्हणाली.

"तापत असतं. विस्तू हाय तर असूं दे."

बनूबाईने आईचा हात हातात घेतला. मनगटावरची बांगडी तिने नुसती ढकलली तर ती कोपरापर्यंत गेली. दोघी सुनांपैकी कोण हिला धड वाढत नाही, याचा बनूबाई मनात अंदाज बांधू लागली, आणि तिचा कौल सुनंदावर पडला. मग विठावर. मग तिला वाटलं, दोघीही मिळून असतील.

"आई, खरं बोल. तुझा आंगठा कोन मागतंय?"

"अजून तरी कोनी नाय मागितला," कौसाबाई म्हणाली. "सगळी बघतात मातुर हाताकडंच."

*

शिरगणतीच्या कुमुदिनीबाई ओट्यावर आल्या, तेव्हा घरातली सगळी मोठी माणसं आधीच बसलेली होती. पण अशी, की मधे एक माणूस आडवा झोपेल एवढी वाट मोकळी. अलीकडे हिरामण आणि विठा, पलीकडे सदू आणि सुनंदा. बनूबाई खांबाला टेकून. म्हातारी मागून आली आणि उंबऱ्यात, कोणाच्याच बाजूला न येता, बसली.

कुमुदिनीबाई कुळगावात राहणाऱ्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. या कामावर नेमणूक झाल्यापासून त्यांना लोकांनी रेशनवाली समजून साखर मागितली होती, नसबंदीवाली समजून दार लावून घेतलं होतं आणि एका घरात तर घरपट्टीवाली समजून घरमालकच पोफळीमागे लपला होता. त्यांना आता कशाचं काही वाटत नसे. त्यांनी मांडीवर कागद पसरला.

"हे काय?" हिरामणने लगेच विचारलं.

"नजरी नकाशा. माझ्या वाट्याला आलेल्या भागाचा. ही नदी, हा रस्ता, हे मारुतीचं देऊळ. पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण."

"सोनिवली कुठं यात?"

"सोनिवली दुसऱ्या बाईंकडे आहे."

"कोन बाई? त्या कोनाला दाखवतात नकाशा?"

"अहो, शेतं मोजत नाही आम्ही. माणसं मोजतो. अख्ख्या देशात चाललंय. कुठल्या गावात किती माणसं, कुठल्या शहरात किती. त्यावरून शाळा, दवाखाने ठरतात. इथे लिहिलेलं कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही, कायदाच आहे तसा."

"कोर्टात चालत नाय तर लिवता कशाला?" विठाने विचारलं.

कुमुदिनीबाईंनी वर्गात करतात तसा एक श्वास घेतला. "बरं. आपण सुरुवात करू. सत्तावीसला मी मागच्या वेळी दोन कुटुंबं धरली होती..."

"तेच," हिरामण पुढे सरकला. "तेच विचाराचं हाय. दोन कोनी सांगितली?"

"दादा, तू बाईंना कशाला, मला विचार ना," सदू म्हणाला. "एवढे महिने मनात ठेवून घासतोयस, घासतोयस."

"तुला काय विचारू? ज्याला येगळं व्हायचं तो सांगून व्हतो काय?"

"वेगळं मी झालो? एजंटला ओट्यावर बसवला कोणी?"

"तो पानी मागाला आला व्हता."

"आणि मला टेसनात भेटला तो काय माझ्या लग्नाचा मामा होता?"

हिरामण धाकट्या भावजयीशी कधी थेट बोलत नसे. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगावं तसं, 'घरात सांगा' म्हणून सांगायचा. आज तो वळला आणि सुनंदाकडे बघून बोलला. "स्टो कोनी आनला? आमी आनला?"

थोरले दीर आपल्याशी बोलले याचाच सुनंदाला आधी धक्का बसला. "मी माहेरी होते," ती एवढंच म्हणाली, तिसऱ्यांदा.

"अरे चूप ना, सगळे," बनूबाई म्हणाली. "बाई समोर बसल्यात. त्यांना याद असंल. बाई, बोला तुमी. दोन कोन बोललं?"

कुमुदिनीबाईंनी आठवून पाहिलं. आठवायला फार कष्ट पडले नाहीत. त्या दिवशीच्या उन्हात या एकाच घरात त्यांना ताक मिळालं होतं.

"आजींनी सांगितलं," त्या म्हणाल्या.

सगळ्या माना उंबऱ्याकडे वळल्या. हिरामणला वाटलं, आईने खोटी शपथ घेतली. सदूला वाटलं, दादाच्या सांगण्यावरून घेतली. विठाला आणि सुनंदाला काय वाटलं ते दोघींनी एकमेकींकडे बघून गिळलं.

"आई," हिरामण हळू म्हणाला, "तू बोललीस जीभ झडंल."

"झडंल तर. दोन घरं मी कुठं सांगितली?" कौसाबाई बाईंकडे वळली. "बाई, तुमी काय विचारलं मला, सांगा ह्यांना."

"मी विचारलं, आजी, घरात चुली किती?"

"मंग? दोन सांगितल्या. एक आत, जेवनाची. एक मागं, पान्याची. दोनच व्हत्या. मी काय खोटं सांगितलं?"

बनूबाई पहिली हसली. ती हसताना पान सांभाळायला तोंडावर हात घेऊन वाकली. "अरे वडी साईं... अंघोळीची चूल! अंघोळीच्या चुलीला नंबर मिळाला!" मग सदूला हसू आलं. हिरामणने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते. एवढे महिने नारळाची शेंडी घेऊन आपण अंघोळीची चूल पुसत होतो, हे त्याला एकदम दिसलं. विठानेसुद्धा पदर तोंडाला लावला.

"चूक माझीच," कुमुदिनीबाई ओशाळून म्हणाल्या. "आम्ही कुटुंब धरतो ते एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांचं. म्हणून मी तसं विचारलं. मला काय ठाऊक, आजी सगळ्याच चुली मोजतील. आणि पडवीला वेगळं दार दिसलं, मी लिहून टाकलं. काही बिघडत नाही, आज दुरुस्त करते." त्यांनी पेन उघडलं. "सत्तावीस. चूल एक. बरोबर?"

त्या उत्तराची वाट बघत राहिल्या. पडवीच्या उघड्या दारातून रॉकेलचा वास येत होता. स्टोवर सुनंदाने भात टाकून ठेवला होता आणि त्याचं झाकण थडथडत होतं.

"बरोबर ना?"

विठाने सुनंदाकडे पाहिलं. तिला वाटत होतं, हिने म्हणावं. हिने नुसतं म्हटलं, की स्टो चहापुरताच आहे, तर मी आत्ता उठून हिच्या वाटणीचं पीठ परातीत घेईन. सुनंदा विठाकडे बघत होती. तिला वाटत होतं, यांनी बोलवावं. थोरल्या आहेत, चूल त्यांची आहे. आपणहून गेले तर म्हणतील, मळ्यासाठी आली. शेवटी भात उतू गेला तशी सुनंदा उठली, आणि तिचं ते उठणंच उत्तर ठरलं.

"दोन," हिरामण म्हणाला.

"दोनच लिहा," सदू म्हणाला.

कुमुदिनीबाईंनी लिहिलं. हिरामणचं घर, त्याची बायको, मुलं. सदूचं घर, त्याची बायको, मुलगी. वय, शिक्षण, जन्म कुठला. मग त्यांनी उंबऱ्याकडे मान वळवली. "आणि आजी कुठे जेवतात?"

"तिकडं," विठा म्हणाली.

"तिकडे," भात उतरवून आलेली सुनंदा त्याच वेळी म्हणाली.

दोघींनी बोटंही केली होती. विठाचं पडवीकडे, सुनंदाचं माजघराकडे. दोन्ही बोटं तशीच राहिली.

"तिकडे म्हणजे? एक काहीतरी सांगा."

"माझ्याकडं नाय जेवत आत्या," विठा म्हणाली. "दिवाळीपासून नाय. पडवीत जेवते ना?"

"नाही हो. मला वाटलं तुमच्याकडे... रोज म्हणायच्या, माझं झालं."

बनूबाईला कोपरापर्यंत गेलेली बांगडी आठवली. तिने तोंडातलं पान थुंकलं. "आई?"

कौसाबाई दाराला धरून उठली. "तीन लिवा, बाई," ती म्हणाली आणि मागच्या बाजूला चालू लागली. दुसरं काही न सुचून सगळे तिच्यामागे गेले.

न्हाणीच्या तोंडाशी चुलीवर पाण्याचा हंडा होता. तो कौसाबाईने दोन फडक्यांनी धरून बाजूला ठेवला. त्यामागे, विस्तवाच्या कडेला, ओंजळीएवढं पातेलं शिजत होतं. वालाचे दाणे. कुडाच्या भिंतीला टेकवलेला एक छोटा तवा, करवंटीत मीठ, आणि एकच ताटली, पालथी घातलेली. रोज या न्हाणीत सगळं घर अंघोळ करत होतं. प्रत्येकाने तो तवा पाहिला होता आणि प्रत्येकाला वाटलं होतं, म्हातारीने कशाला तरी ठेवला असेल.

"आत्या, मी रोज हाक मारत व्हते," विठा रडायला लागली.

"मारत व्हतीस. ही पन मारायची. 'जेवलीस का' विचारायच्या तुमी दोघी. 'काय जेवलीस' कंदी विचारलं नाय." कौसाबाईच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणून ते ऐकवत नव्हतं. "हिच्याकडं जेवले असते तर ती बोलली असती, म्हातारी तिकडं गेली. तिच्याकडं जेवले असते तर ही. पातेलं ठेवून बसले, म्हटलं चार दिवसांत कोनीतरी येऊन बघंल, कसला धूर तो."

सुनंदाने पदर डोळ्यांना लावला. आपण मान राखून बसलो होतो तेव्हा इकडे हे शिजत होतं, या विचाराने ती लाजेने मेली.

हिरामण पुढे झाला. "बाई, आई माझ्यात लिवा."

"माझ्यात," सदू म्हणाला. "दादा, तुझ्याकडे पोरं आहेत जास्त. माझ्यात लिहा बाई."

"मी थोरला हाय."

"थोरला आहेस तर एवढे दिवस..."

"बघ," कौसाबाई बनूबाईला म्हणाली. "आता दोघांना पायजे. आई पायजे का आंगठा, ते कळाला मारग नाय मला. तुमाला तरी कळतं का रे?"

हिरामणला ओरडून सांगावंसं वाटलं, की मळा गेला खड्ड्यात. पण आत्ता, या बाईसमोर, हे म्हटलं तर तेही मळ्यासाठीच म्हटल्यासारखं ऐकू येईल, हे त्याला कळत होतं. स्वतःला तरी ते खरं वाटेल की नाही याचीही त्याला खात्री नव्हती.

कुमुदिनीबाईंचं पेन हातातच होतं. "आजी, आजपासून सगळे एकत्र जेवणार असाल तर मी एकच लिहीन. मला कोणी विचारणार नाही."

"उद्याचं उद्या. तुमी आजचं लिवा. जिथं जेवते तिथं लिवा."

बाईंनी कागद गुडघ्यावर घेतला. "कुटुंबप्रमुख?"

"कौसाबाई धर्मा देसले."

"माणसं?"

"एक."

नकाशात देसल्यांच्या मोठ्या चौकोनामागे कुमुदिनीबाईंनी एक लहानसा त्रिकोण काढला. कच्च्या घराची खूण. गेरू त्यांनी आज आणला नव्हता. पर्समध्ये शाळेतला खडू सापडला, त्याने त्यांनी न्हाणीच्या चौकटीवर २७/३ लिहिलं. कोणी घासायला पुढे आलं नाही.

"निघते मी," त्या म्हणाल्या. त्यांना आता इथून लवकर जायचं होतं.

"अशा कशा जाता?" कौसाबाईने पातेल्यात पळी फिरवली. "माझ्या घरी पहिल्यांदा कोनी आलंय. घासभर खाऊन जा. बने, माजघरातून ताटल्या मागून आन. मागून आन, तशीच नको उचलूस."

मग तिने वर पाहिलं. दोन्ही मुलगे आणि दोन्ही सुना तिथेच उभी होती, पुढेही येत नव्हती आणि जातही नव्हती.

"तुमी पन बसा," ती म्हणाली. "पाव्हन्यांना मी नाय म्हनत नाय."

ज्या न्हाणीत हिरामण जन्मापासून चिखलाच्या पायांनी शिरत आला होता, तिच्या दाराशी तो थांबला. त्याने चपला काढल्या आणि परक्याच्या घरी लावतात तशा भिंतीकडेला जोडीने नीट लावल्या. मग आईने बस म्हणेपर्यंत तो उभाच राहिला.